मनगटापर्यंत

पहिल्या भेटीतच त्याने तिला चुकीचा रस्ता सांगितला होता. पुढे ते आठवलं की नेल्डाला हसू यायचं, पण त्या हसण्यात गोडवा नसायचा.

सहासष्ट सालचा जुलै, सकाळचे सहा. हॉलीवूडच्या त्या स्टुडिओत नेल्डा कोवासिचचा नोकरीचा पहिला दिवस होता. रंगांची पेटी सांभाळत ती शूटिंगचं चौदा नंबरचं दालन कुठे आहे ते शोधत होती. कॉफीच्या गाडीपाशी गुहेतला एक माणूस उभा होता. खांद्यावर अस्वलाचं कातडं, छातीवर रुळणारी दाढी, कपाळावर रबराची जाडजूड भुवई, आणि पायात घरातल्या सपाता. एका हाताने मिशा वर धरून तो डोनट खात होता.

"चौदा नंबर कुठे आहे हो?" तिने विचारलं.

"असं करा, दोन लाख वर्षं मागे जा. तिथून डावीकडे."

"आणि आजच्या तारखेत?"

"आजच्या तारखेत ती पिवळी इमारत. तिच्या मागे."

पिवळ्या इमारतीच्या मागे सुतारांचा कारखाना निघाला. ती तणतणत परत आली, तर स्वारी तिथेच. हातात दुसरा डोनट.

"आलात? मला वाटलंच."

"मुद्दाम चुकीचं सांगितलंत?"

"म्हटलं, मुलगी चांगली आहे... दोनदा दिसू दे." त्याने दाढीवरची साखर झटकली. "चला, मीही तिकडेच निघालोय. मी ग्रेडी टॉलिव्हर. या कातड्यात मला ग्रक म्हणतात."

'मागे वळ, रॉकेट!' ही दर आठवड्याला अर्धा तास चालणारी विनोदी मालिका. दोन अंतराळवीरांचं यान भरकटून थेट आदिमानवांत येऊन पडतं आणि मग जो काय गोंधळ होतो तो. ग्रक हा टोळीच्या नायकाचा मठ्ठ मेहुणा. त्याला संवाद नसायचे, हुंकार असायचे. शेक्सपिअर पाठ असलेला हा माणूस आठवड्याला चाळीस हुंकार देऊन पोट भरत होता आणि त्यावर स्वतःच विनोद करायचा. नेल्डा विरघळली ती तिथेच.

पण प्रेमाच्या आधी युनियनचा नियम सांगायला हवा, कारण सगळं घडलं ते त्या नियमामुळे. चेहरा, गळा आणि बोटांच्या टोकापासून मनगटापर्यंतचे हात, एवढा मुलूख मुख्य मेकअपवाल्यांचा. ते सगळे पुरुष. उरलेलं अंग, म्हणजे दंड, पाठ, पाय, हे बायकांचं काम. मनगट ही सरहद्द. नेल्डाचं कार्ड नवं होतं आणि पहिले सहा महिने परीक्षेचे. तिचा स्पंज मनगटाखाली गेला असता तर तक्रार झाली असती आणि कार्ड हातचं गेलं असतं.

तिच्या शेजारची खुर्ची म्हाताऱ्या ऑर्विल स्टॅमची. तीस वर्षं त्याने लोकांना नाकं चिकटवली होती. गुहेतली मंडळी पहाटे आधी त्याच्याकडे बसायची आणि दाढी, भुवई, हात असं सगळं होऊन मगच नेल्डापुढे यायची. त्यामुळे ग्रेडीच्या पाठीवरचे तीळ तिला तोंडपाठ झाले, डाव्या दंडावरचा देवीचा व्रण ओळखीचा झाला, पण त्याचा चेहरा तिला ठाऊक होता तो फक्त त्याने दिलेल्या एका फोटोमुळे.

"गार आहे गं!" स्पंज पाठीला लागला की तो रोज ओरडायचा.

"आदिमानवाला गारठा लागत नाही."

"आदिमानवाला इतकी छान मुलगी रोज सकाळी रंगवायची? तसं असेल तर आपण उगाच पुढे आलो."

"हलू नकोस. पाठीवर नकाशा होईल."

"होऊ दे. त्यात तुझं घर दाखव."

ऑक्टोबरात एका प्रसंगाला पाइपातून पाऊस पाडला. ग्रक भिजला आणि रंगाचे ओघळ सुटले. कॅमेरा थांबला तशी नेल्डा धावली, तिकडून ऑर्विलही धावला. एकाच हातावर दोघांचे स्पंज चालू झाले, तिचा कोपरापासून खाली आणि त्याचा बोटांपासून वर. मनगटाशी दोघे भेटले.

"माझा सांधा धरलाय," ऑर्विल म्हणाला. "याचे हात आज तू कर ना पोरी."

"नियम म्हणजे नियम, मिस्टर स्टॅम."

"कोण बघतंय?"

"तुम्ही बघताय." तिला वाटलं, म्हातारा परीक्षा घेतोय. त्याने नंतरही कितीदा तरी विचारलं. कधी सांध्याचं निमित्त, कधी चष्म्याचं. नेल्डा दर वेळी मान हलवायची आणि मनातून स्वतःवर खूश व्हायची.

जेवणाच्या सुट्टीत ती दोघं प्लास्टरच्या एका शिळेवर बसायची. ग्रेडी तिला सँडविचमधलं लोणचं काढून द्यायचा. संध्याकाळी मात्र तो दाढी-रंगासकट गाडीत बसून जायचा. घरी गरम पाण्यात चांगला सुटतो म्हणायचा. शनिवार-रविवार तो बेकर्सफिल्डला जायचा. आई अंथरुणाला खिळलेली, दुसरं कोणी नाही... हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली यायचा की नेल्डाला पुढचं काही विचारवत नसे. आईची सेवा करणारा मुलगा बायकोलाही जपेल, असा हिशेब तिने मनाशी करून टाकला.

पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीमागे त्याने तिला पहिल्यांदा जवळ घेतलं, तेव्हा दाढीच्या डिंकाचा वास तिच्या नाकात गेला आणि ती शिंकली.

"हा नकार समजायचा?" तो म्हणाला.

"डिंकाला. तुला नाही."

डिसेंबरात वरून हुकूम आला. प्रेक्षकांना गुहेचा कंटाळा आलाय. आता यान दुरुस्त होईल, अंतराळवीर आजच्या काळात परततील, आणि त्यांच्यासोबत नायकाचं कुटुंब तेवढं येईल. ग्रक त्यात होता. तो आता सूट घालणार, विजेच्या दिव्याला घाबरणार. रंगवायला उघडं अंग उरणार नव्हतं आणि नेल्डाचं टेबल बंद होणार होतं.

तिला दुसरीकडून विचारणा आली होती. ॲरिझोनात, टूसॉनला, काउबॉयची मालिका, पूर्ण वर्षाचं काम. उत्तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हवं होतं.

"नको ना जाऊस," ग्रेडी म्हणाला.

"कारण सांग."

"कारण... तू समोर बसली आहेस ते."

"एवढ्यावर वर्षभराचं काम सोडू?"

तो म्हणाला, "रविवारी तुमच्या घरी येतो. सॅन पेड्रोला. तुझ्या वडिलांशी बोलतो... धुतलेल्या तोंडाने."

नेल्डाने त्याच संध्याकाळी घरी सांगून टाकलं. वडील मासळीच्या कारखान्यात होते. त्यांनी गावाकडच्या द्राक्षांच्या दारूची बाटली पुसून ठेवली. आईने शेजारणीकडून एक बरी खुर्ची मागून आणली. टूसॉनला शुक्रवारी नाही म्हणायचं, हे नेल्डाने ठरवलं होतं.

शुक्रवारी, गुहेच्या शेवटच्या दिवशी, ऑर्विलची खुर्ची रिकामी होती. आरशाला चिठ्ठी खोचलेली होती: 'तब्येत बरी नाही. युनियनची परवानगी काढली आहे. ग्रकचा चेहरा आणि हात आज नेल्डाने करावेत.'

ग्रेडी आला तो झग्याच्या खिशात हात घालून. ऑर्विलच्या जागी तिला पाहून दारातच थबकला.

"म्हातारा कुठाय?"

"आजारी आहे. ये, बस. आज सगळा तू माझा."

त्याचा उघडा चेहरा ती पहिल्यांदाच बघत होती. फोटोपेक्षा थकलेला, आणि फोटोपेक्षा छान. हनुवटीवर दाढी करतानाचा ताजा काप होता. तिला उगाच लाजल्यासारखं झालं.

"काय बघतेस?"

"काही नाही... ओळख करून घेतेय."

भुवई झाली, दाढी झाली. तिने हात पुढे केला. "हात दे."

"हात मी करतो गं. तू दमली असशील."

"इतके दिवस वाट पाहिलीय मी या हातांची. आण इकडे!" ती हसली आणि तिने त्याचा डावा हात खिशातून ओढून काढला.

उन्हाने रापलेला हात होता. त्यातल्या एका बोटावर पांढरा पट्टा होता, आणि पट्ट्यापाशी मांस आत दबलेलं. असा चर एका उन्हाळ्यात पडत नाही. त्याला वर्षं लागतात. लग्नाची अंगठी आत्ताच, गाडीतून उतरताना काढलेली असावी. कडेची कातडी अजून लाल होती.

स्पंजमधलं पाणी नेल्डाच्या मांडीवर ठिबकत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मी सांगणार होतो," ग्रेडी म्हणाला.

"कधी?"

"लवकरच... योग्य वेळ बघून."

"रविवारी येणार होतास का तरी?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिला उत्तर मिळालं.

"बेकर्सफिल्डला कोण असतं?"

"आई असते. खरंच असते." मग अगदी हळू, "चालती-फिरती आहे."

"आणि बायको?"

"बर्बँकला. मुलगी आहे चार वर्षांची. पण नेल्डा, आमच्यात तसं आता काही..."

"पुरे."

बाहेरून हाक आली, "गुहेतली मंडळी, पाच मिनिटं!"

ग्रेडी दचकला. आणि मग त्याने तो हात आपण होऊन तिच्यापुढे धरला. "हे तेवढं झाक ना. शेवटचा शॉट हाताचाच आहे. यानाच्या दारातून निरोप द्यायचाय, कॅमेरा अगदी जवळ येणार. हे दिसलं तर मला नव्या भागातून काढतील."

नेल्डाने त्याच्याकडे पाहिलं. इतका राग तिला आयुष्यात आला नव्हता. वाटलं, सोडावं तसंच, दिसू दे जगाला. पण आज त्या हाताची जबाबदारी तिची होती. बोट उठलं असतं ते तिच्या कामावर. ती निमूट कामाला लागली. नाक बनवायचं मेण घेतलं, बोटाच्या उबेवर मऊ केलं, चरात भरलं, सपाट केलं. वरून रंगाचे दोन हात, पावडर, नखांत माती.

"झालं. आता कुणाला दिसणार नाही."

"तू फार चांगली आहेस गं."

"कामात," ती म्हणाली आणि स्पंज धुवायला वळली.

साडेअकराला ती उपाहारगृहात गेली. आजारी ऑर्विल खिडकीशी बसून उकडलेलं अंडं खात होता.

"पाहिलास हात?" त्याने विचारलं.

"तोंडाने सांगता आलं असतं तुम्हाला."

"ऐकलं असतंस? म्हणाली असतीस, म्हातारा जळतो."

ते खरं होतं, म्हणूनच तिला जास्त झोंबलं. "तरी पाच महिने रोज सकाळी तो पट्टा तुम्ही रंगवलात, मिस्टर स्टॅम."

ऑर्विलने चमचा खाली ठेवला. "रंगवला," तो म्हणाला.

फोनच्या खोक्यात उभं राहून तिने आधी टूसॉनला होकार कळवला. मग घरी फोन लावला.

"आई, रविवारी मासे थोडेच आण."

"का गं? त्याला मासे चालत नाहीत का?"

"नाही चालत."

"अगं मग कोंबडी करते! आधी सांगायचंस ना. खुर्ची आणून ठेवलीय, वडील तुझे सकाळपासून तीच पुसतायत..."

"खुर्ची परत कर, आई," नेल्डा म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. बाहेर एक अंतराळवीर नाणी हातात घेऊन फोनसाठी ताटकळत होता. काचेतून त्याने तिला पाहिलं, शिरस्त्राण काढलं आणि पाठ फिरवून उभा राहिला.

जानेवारीत तो भाग लागला. टूसॉनच्या घरमालकीणबाई, मिसेस हार्गिस, यांना ही मालिका फार आवडायची. त्यांनी नेल्डाला हाताला धरून टीव्हीपुढे बसवलं.

यान धूर सोडू लागलं. दारात ग्रक उभा राहिला, मागे राहणाऱ्या टोळीकडे पाहून हुंकारला आणि त्याने डावा हात वर केला. आधी रेकॉर्ड करून ठेवलेला हशा खळाळला. कॅमेरा जवळ गेला. पाच बोटं पडदाभर पसरली.

"काय बाई रंगवतात!" मिसेस हार्गिस म्हणाल्या. "अगदी जन्मापासून तसाच असेल असं वाटतं."

नेल्डा पुढे झुकून बघत होती. कुठेही फट नव्हती. चर नव्हता, पट्टा नव्हता. त्या बोटात कधी काही होतं असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

"बंद करू?" तिने विचारलं.

"अगं थांब, नावं येऊ दे. तुमच्या लाइनीतलं कोणी ओळखीचं असेल."

नावं आली. नेल्डाचं नाव त्यात नव्हतं, तिच्या कामाला नाव देतच नसत. 'मेकअप : ऑर्विल स्टॅम' एवढंच होतं. ग्रक अजून हात हलवत होता.