बाहेरून लावलेली पट्टी

पटलं नाही तर सोडून द्या. पण त्या अंगणात मी स्वतः उभी होते, आणि यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

रात्र नव्हती. रविवारची दुपार, तीनचा सुमार. घरामागच्या अंगणात कॅम्पर उभा होता... गाडीमागे जोडून न्यायची ती चाकांवरची छोटी खोली.

नवऱ्याच्या मामांनी तो आम्हाला दिला होता. दोन वर्षांपूर्वी मामी त्यातच गेल्या. थंडीत गॅसचा हीटर लावून झोपल्या, त्या उठल्याच नाहीत.

"तिनेच आतून हवेच्या जाळीत कापड कोंबलं," मामा सांगायचे. सांगताना रडायचे.

मला तो कॅम्पर नकोच होता. पण नवऱ्याची हौस! दुसऱ्या दिवशी आम्ही निघणार होतो. माझी दोन वर्षांची लेक त्यात झोपणार होती.

फक्त दाराची रबरी पट्टी टिकत नव्हती. नवऱ्याने आठवड्यात तीनदा चिकटवली. सकाळी बघावं तर... लोंबत असायची.

म्हणून मामा आले.

"तुझ्या नवऱ्याला पाकिटावर तिकीटसुद्धा धड चिकटवता येत नाही, सूनबाई."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं, मामा."

त्यांनी जुना गोंद खरवडला, चौकट पुसून घेतली, नवी पट्टी बसवली. टोकं तिरपी कापून जोडली. "असं कापलं की मुंगीही शिरत नाही. माझी पद्धत आहे ही."

मग कागदाने तपासणी. दारात कागदाची पट्टी धरायची, दार लावायचं, कागद ओढायचा. सहज निघाला तर तिथे फट आहे.

पहिला कागद निघाला नाही. दुसराही नाही.

तिसरा... आत गेला.

हळूहळू. कुणीतरी आतून ओढावा तसा.

आत कुणीही नव्हतं. लेक माझ्या कडेवर होती.

"वारा," मामा म्हणाले.

झाडाचं पानही हलत नव्हतं.

चौथा कागद त्यांनी चिमटीत घट्ट धरला. तो ताणला गेला... फाटला... उरलेला तुकडा आत गेला.

मामा दाराच्या फटीला तोंड लावून पुटपुटले, "पुरे आता. सोड."

ते माझ्याशी बोलत नव्हते.

मग ते आत बघायला शिरले. तेवढ्यात लेकीचा बूट निसटून कॅम्परखाली गेला. तिला खाली ठेवून मी वाकले.

समोर, कॅम्परच्या तळाशी, हवेची जाळी होती. तिच्यावर जुन्या रबरी पट्टीचे तुकडे शेजारी शेजारी चिकटवलेले. टोकं तिरपी कापलेली.

बाहेरून.

आत झोपलेली बाई बाहेरून जाळी कशी बंद करेल?

वाकलेल्या माझ्या डोक्याच्या वर कॅम्परचं दार बंद झालं. धाडकन नाही. अलगद...

"सूनबाई, दार उघड गं. अडकलंय बघ."

मी उठले. दाराची मूठ धरली.

आतून धक्के बसायला लागले. "उघड लवकर! अगं, ही..."

आणि आवाज मधेच तुटला.

भर उन्हात खिडकीची काच आतून धुरकट झाली. त्यानंतर काहीच नाही. श्वाससुद्धा नाही.

गलका ऐकून नवरा घरातून धावत आला. त्याने हात लावताच दार उघडलं. मामा दाराशीच पडले होते. गेलेले.

डॉक्टर गोंधळले होते. "बंद खोलीत हीटर लावून झोपलेल्या माणसासारखं रक्त आहे यांचं," ते म्हणाले.

हीटर बंद होता. त्याचा सिलिंडर अजून आमच्या स्वयंपाकघरात होता.

मी सगळ्यांना सांगितलं की दार अडकलं होतं, मी खूप ओढलं.

खोटं.

मूठ माझ्या हातात सहज फिरली होती. खट्ट झालेलं मी ऐकलं. फक्त ओढायचं बाकी होतं. पण मला त्या बंद जाळीशेजारी झोपलेली माझी लेक दिसत होती. जाळी तशीच ठेवून त्यांनी कॅम्पर आम्हाला दिला होता. गोड बोलून.

मी ओढलं नाही.

मामींनीच माझा हात धरून ठेवला असणार, असं मी मनाला समजावते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं.

पण त्या दुपारी माझ्या हातावर कुणाचाच हात मला जाणवला नव्हता...