चेहऱ्याचं माप

“चेहऱ्याचं माप द्याल का?”

खर्ड्याच्या बाजारात एका परक्या मिशीवाल्यानं असं विचारलं, तेव्हा चांगुणाच्या हातातलं रीळच सुटलं. अर्ध्या गावाच्या चोळ्या शिवणारी ती... पण चेहऱ्याचं माप?

गोरक्षनाथ त्याचं नाव. किल्ल्यात सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, त्यातला हा मेकअपवाला. त्यानं चांगुणाला सिनेमात छोटंसं काम देऊ केलं, तरणीची म्हातारी होण्याचं. रबरी सुरकुत्या बनवायला तिच्या चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा हवा होता. वडलांना, दादांना, विचारून ती हो म्हणाली, आणि गोरक्षनाथाच्या शर्टाची बटणं रोज तुटायला लागली! ती लावून घ्यायला तो तिच्याकडंच यायचा.

“हे तुटल्यालं न्हाई, मास्तर. ब्लेडनं कापल्यालं हाय,” ती दोरा निरखत म्हणायची.

तो नुसता हसायचा. ते हसू तिला लई आवडायचं, म्हणूनच तिचा संशय वाढायचा. सिनेमाची माणसं, उद्या उठून जायची. गावोगाव किती जणींकडून बटणं लावून घेतली असतील, कुणी सांगावं!

साच्याच्या दिवशी आत्याला, गोजरबाईंना, घेऊनच ती गेली. त्याची मेकअपची पेटी उघडी होती. आत प्लॅस्टरचा पांढराफेक चेहरा... मिटले डोळे, नाजूक जिवणी.

चांगुणाच्या काळजात चर्र झालं. “ही कोन?”

“मीच की! उस्तादानं मिशा काढून माझ्याच तोंडावर काम शिकवलं.”

“खोटं!”

तिनं कनवटीची टेप काढली. आधी प्लॅस्टरचं नाक मोजलं, मग त्याचं. हनुवटी, कपाळ... तो श्वास रोखून उभा. सुताचाही फरक नव्हता. तिनं टेप गुंडाळून परत कनवटीला खोचली.

“आता निजा,” तो हळूच म्हणाला. चेहऱ्याला तेल लावलं, नाकपुड्यांत एरंडाचे पोकळ देठ बसवले. “श्वास कोंडला तर बोट वर करा, लगेच काढतो. हसायचं मातर न्हाई.”

गार प्लॅस्टर ओठांवर आलं. आत नुसता अंधार, आणि त्याचा आवाज.

“चांगुणा... बटनं मीच कापायचो. असं दुसऱ्या कुटंच केलं न्हाई. तुमचं काम झालं की युनिट जाणार. तुमच्या दादांकडं मागणी घालू? न्हाई म्हनायचं असंल तर... बोट वर करा.”

“अगं बया!” आत्या पुटपुटल्या.

चांगुणानं मूठ घट्ट आवळली. बोट काही वर गेलं नाही.

प्लॅस्टर निघालं. गोरक्षनाथानं साचा उजेडात धरला आणि बघतच राहिला.

“बिघडला! ओटाचा कोपरा वर गेलाय. हसलात तुमी.”

“मग दुसरा घ्या,” चेहरा पुसत चांगुणा म्हणाली. “पन ह्यो फोडू नका. दादांना दाखवायला ऱ्हाऊ द्या.”