वरच्या कप्प्यातली मेणबत्ती

रादोयेच्या हातात दोन मेणबत्त्या दिसल्या आणि देसांकाच्या काळजात धस्स झालं... एक त्याच्या बालमित्राची, व्हुकाशिनची. आणि दुसरी?

ग्रीसच्या समुद्राकडे निघालेली सर्बियन प्रवाशांची बस थेसालोनिकीत, शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धात पडलेल्या सर्बियन सैनिकांच्या स्मारकाशी थांबली होती. आतल्या प्रार्थनाघरात, त्यांच्याकडच्या प्रत्येक चर्चसारखेच, मेणबत्त्यांचे दोन कप्पे: वरचा जिवंतांचा, खालचा मृतांचा. आणि धाकटा भाऊ रादोये तिच्या नावाची मेणबत्ती गावच्या चर्चमध्ये खालीच लावतो, हे कधीचंच तिच्या कानावर आलं होतं!

आईविना पोरक्या रादोयेला तिनंच वाढवलं, त्याच्यापायी ठरलेलं लग्न मोडलं. पुढे नव्वदच्या दशकात युद्ध पेटलं, त्याला सैन्यात न्यायला माणसं दारात आली, तेव्हा तिनं त्याला तळघरात कोबीच्या पिंपांमागे कोंडलं आणि "पळून गेला" म्हणून सांगितलं. व्हुकाशिन गेला तो परतलाच नाही. गावानं रादोयेला पळपुटा ठरवलं. "माझ्यासाठी तू मेलीस!" एवढं बोलून त्यानं जे तोंड फिरवलं ते आजतागायत... या सहलीला दोघांना आणलं होतं त्याच्या लेकीनं, नेवेनानं, एकमेकांना पत्ता लागू न देता. सकाळी बसमध्ये देसांकानं पिशवीतून काढून पुढे केलेली गिबानित्साही – चीज भरलेली भाजकी पोळी – त्यानं न बघताच परत सारली होती.

"बाबा, हे बघा, तुमचंच नाव!" भिंतीवरच्या असंख्य नावांतलं एक नेवेनानं दाखवलं.

रादोयेनं ती अक्षरं बोटानं चाचपली. मग लेकीकडे पाहिलं... पाहतच राहिला!

एक मेणबत्ती त्यानं खाली लावली. दुसरी तिच्या ज्योतीवर पेटवायला तो पुन्हा वाकला. देसांकानं डोळे मिटून घेतले.

"ही वर कुणाची लावलीत, बाबा?"

"तुझ्या आत्याची. इतकी वर्षं चुकीच्या कप्प्यात लावत होतो गं..." तो देसांकाकडे वळला. "ताई, त्या दिवशी तू तळघराचं दार उघडलं असतंस, तर माझं नाव असंच कुठल्या तरी भिंतीवर असतं. आणि ही पोर...? तुझे उपकार कसे गं फेडू!"

"गप रे, वेड्या!" तिनं त्याला हाताला धरून बाहेर आणलं.

सुरूच्या सावलीत त्यानं नाक पुसलं. "त्या पिशवीत... उरलंय का काही?"

"आता बरी आठवण झाली! मेलेल्या बाईच्या हातचं चालेल?"

"भूक लागलीय, ताई."

"मग खा की, मेल्या!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली... पण लहानपणी रोज ऐकलेला तो शब्द कानी पडताच रादोये रडता रडता हसला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.