पांढऱ्या धबधब्यातले मासे

"आजी बागेत यायला नाही म्हणते म्हणजे नाहीच! परवापासून धड जेवलीसुद्धा नाही," असे म्हणत संघपालने सायकल बागेच्या फाटकाला टेकवली. त्याच्यामागून शेजारच्या दीप्ती आणि अबोली उतरल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीतली सकाळ, पण ऊन आताच चटके देत होते.

या बागेतला धबधबा म्हणजे नागपूरचे नवे वेड! सिमेंटच्या कड्यावरून पंपाचे पाणी कोसळे, तळ्यात पडे आणि पुन्हा वर चढे. तळ्यातल्या लाल माशांना संघपालची आजी, भीमाबाई, रोज मुरमुरे घालायची. परवा मासे मरून वर आले आणि पहारेकरी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडला, "तुमच्या मुरमुऱ्यांनी मेले! पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही!"

आजीला ते खरेच वाटले होते.

"पण मुरमुरे तर ती वर्षभर घालून राहिली ना? मग आताच काहून मेले?" दीप्ती म्हणाली.

तळ्याच्या काठाशी आणखी काही मासे उलटे तरंगत होते. अबोली वाकली आणि एकदम मागे सरली.

"वास पाहा! आई कपडे भिजवते ना, तसा!"

"तुझं नाक पोलिसांच्या कुत्र्याचं आहे वं!" संघपाल हसला.

"तू असशील कुत्रा! बाटली दे."

तिने पाणी भरून बाटली हलवली. फेस थेट झाकणापर्यंत! कड्यामागे पंपघराजवळ तर धुण्याच्या पावडरीची रिकामी पोतीच पडली होती.

"चला, सांगू या!" संघपाल उसळला.

"आपलं कोण ऐकते? पंपवाल्यालेच बोलू दे," दीप्ती हळूच म्हणाली. "तू शोभाताईंना घेऊन ये."

शोभाताई बागेच्या अधिकारी. संघपाल धावला. इकडे दीप्ती पंपवाल्या गोविंदासमोर उभी राहिली.

"काका, आपला धबधबा दुधासारखा पांढरा कसा दिसतो हो?"

गोविंदा फुलला. "ती आपली कला आहे, पोरी! या आठवड्यापासून रोज सकाळी वरच्या टाकीत पावडर सोडतो. फेस आला की फोटो कसा झक्कास! गर्दी उगाच वाढली का?"

"आणि मासे?"

"त्यात काय? नवीन आणता येतात!"

"गोविंदा!"

मागे शोभाताई उभ्या होत्या. गोविंदाचा चेहरा खाडकन उतरला.

संध्याकाळी संघपालने आजीला हाताला धरून आणले. शोभाताईंनी हात जोडले. "आजी, चूक आमची होती. या मुलांनी ती शोधून काढली. फार हुशार आहेत हो!"

"म्हणजे मी नाही मारले?"

"नाही, आजी!" तिघेही एकदम ओरडले.

आजीने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. मग ती तळ्यावर वाकली. पाण्यात काहीच हलत नव्हते. शेजारी लोक हसत फोटो काढत होते.

"बाई, हे पाणी थोडं थांबवता का?" ती म्हणाली.

पंप बंद झाला. धबधबा बारीक होत थांबला आणि मागचा काळा पाइप उघडा पडला. "बंद काहून केला?" कोणीतरी ओरडले. मुले गुडघाभर पाण्यात उतरून एकेक मासा काढत होती. झाडाखाली शोभाताईंनी खड्डा खणून घेतला होता.

संघपालच्या ओंजळीत एक बोटाएवढा मासा आला.

"आजी, हा किती लहान आहे!"

आजीने तो आपल्या हातात घेतला.

"हो रे. मोठे याले खाऊच देत नव्हते. हा आपला मागं उभा राहून वाट पाहे."