दादाचा प्लेअर

प्लेअर बघून दुकानदार म्हणाला, बॅटरी फुगलीय, पेट घेईल, फेकून द्या मॅडम. माझे डोळे भरले आणि मला स्वतःचाच राग आला. शेजारी मोबाइलची काच बदलायला आलेला एक उंच मुलगा हळूच म्हणाला, "फेकू नका. मी बदलून देतो की... लई वेळा केलंय."

त्याचं नाव शिवराज. देवगाव रंगारीचा, वाळूजला कंपनीत नोकरी. गाण्यांचा तो प्लेअर माझ्या हिमांशूदादाचा. दादा जाऊन दोन वर्षं झाली आणि त्याचा आवाज फक्त त्यातच उरला होता — चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग. हल्ली आई म्हणायची, अशू, त्याचा आवाज आठवेना गं मला. म्हणून हा सगळा आटापिटा.

रविवारी दुपारी मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर भेटलो. घरी बोलवायची सोय नव्हती. आईनं पाण्याआधी आडनाव विचारलं असतं. गाडी नुकतीच गेलेली, फलाटावर चिटपाखरू नाही. प्लेअरमध्ये काही धुगधुगी आहे का बघायला आम्ही इअरफोनचं एकेक टोक कानात घातलं. काहीच नाही. पण ते काढायचं दोघांनाही सुचलं नाही... सुचलं नाही की काढावंसं वाटलं नाही, देव जाणे.

प्लॅस्टिकच्या पट्टीनं त्यानं झाकण उचकटलं, जोडणी सुटी केली आणि फुगलेली बॅटरी अलगद सोडवून सोबत आणलेल्या वाळूच्या डब्यात ठेवली. नवी अजून त्याच्या खिशातच होती.

आणि माझ्या कानात दादा बोलला.

"अशू, त्याचा हात थरथरतोय. धर."

अंगावर सर्रकन काटा आला. पाहिलं तर शिवराजचा हात खरंच थरथरत होता. मी त्याचं मनगट धरलं. त्यानं वर पाहिलं, चेहरा पांढराफटक. मग त्यानं नवी बॅटरी बसवली.

प्लेअरचा पडदा उजळला. चाळीस सेकंद सुखरूप होते. माझ्या प्लेअरला हात लावलास तर बघ, म्हणून दादा मला दटावत होता. मी रडले, हसले, तीनदा ऐकलं. मघाचं वाक्य त्यात कुठंच नव्हतं.

"हात धर म्हणाला... तुम्हीही ऐकलंत ना?"

"नाय." तो माझ्याकडे बघेना. "मला म्हणाले — खरं सांग तिला."

भर उन्हात मला थंडी वाजली. "मग सांगा."

"मी आजवर एकबी बॅटरी बदलली नाय. तुमचे भरलेले डोळे बघवले नाहीत, अन् तोंडातून निघून गेलं. आठ दिवस नुसते व्हिडिओ बघतोय. अन्... तुम्ही मला लई आवडता."

मी अशी तापले! दादाचा आवाज पणाला लावून हा शहाणा हात साफ करत होता. चांगलं झाडलं त्याला. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि माझा राग काही टिकेना. खरं तर दुकानातच आवडला होता मला मेला.

"चला घरी," मी म्हणाले. "आईला तुम्हीच ऐकवा. हजार प्रश्न विचारील ती. पण एकही थाप मारू नका हं... दादा ऐकतोय."