पासवर्डमधलं नाव

एकोणसत्तराव्या वर्षी मी नेटवर्क सिक्युरिटीच्या ऑनलाइन फाउंडेशन डिग्रीला नाव नोंदवलं, ते नॉटिंगहॅमच्या रिकाम्या घरात संध्याकाळी कुणाचा तरी आवाज यावा म्हणून. पहिल्याच आठवड्यात कॉम्प्युटरने अभ्यासाच्या जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला आले साउथहॅम्प्टनचे पुरुषोत्तमराव — बंदरावरून रिटायर झालेले, विधुर, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे.

"मराठी आहात ना? मग निम्मं समजेल."

"आणि उरलेलं, पुरुषोत्तमराव?"

"ते तुम्ही समजावाल."

नोव्हेंबरात गृहपाठ आला — जोडीदाराचा पासवर्ड ओळखा, प्रयत्न तीनच. सरावाच्या खात्याला नवा पासवर्ड द्यायचा होता. मी आळसाने माझा रोजचाच दिला.

दोन प्रयत्न चुकले. मग व्हिडिओ कॉलवर त्यांनी चष्मा नाकावर घेतला.

"सबनीसबाई, दोन महिने 'आमचे हे' ऐकतोय. नाव एकदाही घेतलं नाहीत. म्हणजे कुठेतरी जपून ठेवलेलं असणार... तुमच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या नावाचं सर्टिफिकेट दिसतंय. आणि लग्न होऊन इथे आलात अठ्ठ्याहत्तर साली."

मुकुंद१९७८. खातं उघडलं.

जे नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही, ते रोज सकाळी बोटांनी घेत होते. राग यायला हवा होता. डोळे भरून आले.

"आता बदलावा लागेल," मी म्हटलं. "पण मग... यांचं काय राहील?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याकडे पाऊस पडत होता, माइकमधून ऐकू येत होता.

"माझा सात वर्षं सुनेत्राच होता. बदलला त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी फोटोकडे बघितलं — तर ही आपली तशीच हसतेय."

मला तीन आठवडे लागले. बदलला, आणि सगळ्यात आधी त्यांना फोन केला.

"नवा काय ठेवलात?"

"सिक्युरिटी शिकताय ना? सांगायचा नसतो."

"ओळखू?"

"प्रयत्न तीनच..."

"मग समोर बसून करतो. ईस्टरला या इकडे."

गेले. साउथहॅम्प्टनच्या प्लॅटफॉर्मवर ते छत्री घेऊन भलत्याच डब्याकडे बघत उभे होते, चष्मा कपाळावर. हाक मारायला तोंड उघडलं... आणि इतके महिने सहज येणारं नाव काही केल्या ओठांवर येईना.

"अहो," मी म्हटलं, "इकडे."

ते वळले. बघतच राहिले.

"पुरुषोत्तमराव म्हणायचात."

"म्हणायचे," मी म्हटलं, आणि बॅग त्यांच्या हातात दिली.