हरीशच्या दोराची शिवण

लंडनच्या इल्फर्डला माझं दुकान आहे, उंचावर काम करणाऱ्यांच्या सामानाचं. हेल्मेट, बूट, अंगाला बांधायचे पट्टे. शाळा अर्धवट सोडलेला माणूस मी, पण गिऱ्हाइकाच्या चालीवरून बुटाचा नंबर सांगतो. एका साहेबाने काळाच पट्टा मागितला, मळ दिसू नये म्हणून. म्हटलं, "मळ लपला की फाटलेलंही लपतं, साहेब!" तर बसा. गोष्ट त्या खिळ्यावरच्या दोराची आहे.

दोर हरीशचा. तो पोलादी सांगाडे उभारायचा. दोराचं एक टोक अंगावरच्या पट्ट्याला, दुसऱ्या टोकाला तेव्हा एकच हूक. एका गर्डरवरून दुसऱ्यावर जाताना तो सोडायचा, मग पुढे अडकवायचा. त्या मधल्या क्षणात हरीश पडला आणि गेला.

या दोरात घडी घालून शिवलेली एक पट्टी असते. पडणाऱ्या माणसाचा भार आला की टाके उसवतात, पट्टी उलगडते, झटका कमी बसतो. हरीशच्या दोराचा एक टाकासुद्धा उसवला नव्हता. त्याची बायको सुप्रभा माझ्याकडेच काउंटर सांभाळते, राहते दुकानामागच्या खोल्यांत. तिने तो दोर इथे दुकानातच खिळ्याला टांगला. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लावते.

हरीशचा धाकटा भाऊ अतुल त्याच कामात शिरला, तेव्हा तिने एकच अट घातली. दोन हुकांचा दोर. पुढचा अडकव, मगच मागचा सोड.

ब्याण्णवचा नोव्हेंबर. मी मिल्टन कीन्सच्या साइटवर माल पोचवायला निघालो होतो. सुप्रभाने लोकरीचे मोजे पुढे केले.

"काका, अतुलला द्या. आणि म्हणावं, रात्री जेवायला ये. चिप्स खाऊन पोटाचं पिंप झालंय, दोराने तरी किती पेलायचं!"

पोचलो तर भर दुपारी दाट धुकं. ओल्या लोखंडाचा आणि डिझेलचा वास. वर अतुल दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. टक्... पुढचा अडकला. टक्... मागचा सुटला. घरी कोणीतरी नीट कड्या लावत फिरावं, तसा तो आवाज. मी निवांत ऐकत उभा राहिलो.

टक्... टक्... आणि मग बूट सरकल्याचा आवाज.

धुकं जरा विरलं. अतुल गर्डरच्या खाली हवेत लोंबकळत होता. त्याचा दोर वर कुठेच अडकलेला नव्हता. पाठीवरचा पट्टा मात्र ताणला होता, लहान मुलाला बखोट धरून उचलावं तसा. हळूहळू तो वर गेला... गर्डर त्याच्या कवेत आला.

खाली उतरला तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"काका... हूक लावला होता मी. टक् आवाज आला ना?"

आला होता. हूक लागला होता त्याच्याच कमरेच्या कडीत. गारठलेल्या बोटांना कळलं नाही, आणि आवाज तर तोच येतो. दुसरा हूक मोकळाच लोंबत होता. नव्या दोराचे टाके सगळे शाबूत.

"मग मला धरलं कोणी...?"

"गाडीत बस."

"वहिनीला सांगू नका हं काका. प्लीज."

सांगायची गरजच पडली नाही. दुकानात परतलो तर सुप्रभा खिळ्यापाशी उभी होती. हरीशच्या दोराची पट्टी पार उलगडली होती, उसवलेल्या टाक्यांचे धागे पट्टीवरून लोंबत होते.

"दुपारी आवाज झाला," ती म्हणाली. "कापड फाटल्यासारखा."

उसवलेला दोर कापून टाकायचा, हा आमच्या धंद्याचा नियम. मी कात्री घेतली. तिने माझा हात धरला.

"असू दे, काका... आत्ता कुठे कामाला आलाय तो."

मग अतुलच्या केसांतून हात फिरवला. "हात धू. पिठलं केलंय."

तेव्हापासून अतुल वर चढला की खिळ्यावरचा दोर ताठ होतो, उतरला की सैल पडतो. सैल पडला की सुप्रभा भाजी फोडणीला टाकते. आम्हाला भीती वाटत नाही. घरचा माणूसच तो.

रविवारी दोर सैलच असतो. आज रविवार. अतुल हा इथे, तुमच्या शेजारच्या खुर्चीत, चहात बिस्किट बुडवतोय. आणि दोर मघापासून ताठ आहे, अतुल आत्ता पडणार असल्यासारखा... आता तर खिळाही वाकलाय.

"अतुल," सुप्रभा हळूच म्हणतेय, "खुर्चीतून उठू नकोस."